पद्माक्कांनी न चाखलेली चटणी

आम्ही कोल्हापुरात आलो तेव्हा आमच्याजवळ दोन पातेली, एक घागर आणि आण्णांची कात्री एवढंच होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. सीमेपलीकडच्या आमच्या गावात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. सीमेच्या प्रश्नावरून बाजारात आधी बोलाचाली झाली, मग पाट्यांना काळं फासलं गेलं, मग दगड आले, आणि एका दुपारी मराठी पाट्यांच्या दुकानांची ओळच्या ओळ पेटली. आण्णांचं मशीन गेलं. लग्नसराईसाठी लोकांनी शिवायला टाकलेली कापडं गेली. ज्यांची गेली ती माणसं शेजारपाजारचीच होती. कुणी एका शब्दानं बोललं नाही, पण त्यांच्या दारावरून जाताना आण्णांची मान खाली जायला लागली. पुढं घरावरही दगड पडले, तेव्हा आमच्यासारखीच आणखी काही घरं आणि आम्ही एका ओळखीच्या ट्रकात बसलो. ट्रकवाल्याला शाहूपुरीत एका अडत्याकडं गुळाच्या ढेपा उतरवायच्या होत्या, म्हणून आम्हीही शाहूपुरीत उतरलो. त्याला माल जयसिंगपुरात टाकायचा असता तर आम्ही आज जयसिंगपूरकर असतो. आमचं गाव कुठलं, हे गुळाच्या ढेपांनी ठरवलं असं मी बँकेतल्या मैत्रिणींना सांगते, तेव्हा त्यांना तो विनोद वाटतो.

त्या अडत्यांच्या बायको म्हणजे पद्माक्का. मागच्या महिन्यात त्या गेल्या. मी बँकेत काउंटरवर होते आणि आईचा फोन आला. "आक्का गेल्या गं," म्हणाली आणि स्वतःच सावरून पुढं म्हणाली, "रडू नगंस. त्यास्नी रडकं त्वांड चालत नव्हतं." ते खरंच होतं. रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे गेलो. शाहूपुरीतले जुने हमाल आले होते, ट्रकवाले आले होते, आमच्याबरोबर ट्रकातून आलेल्या घरांतल्या झाडून सगळ्या बायका आल्या होत्या. पंचगंगेच्या घाटावर त्यांचं एकेक बोलणं कुणीतरी सांगायचं आणि हसू दाबता दाबता सगळ्यांची पुरेवाट व्हायची. त्यांचे जावई पुण्याचे. ते जरा चकित होऊन आमच्याकडं बघत होते. त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी आक्कांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे.

आक्कांच्या घराच्या मागं त्यांची एक जुनी गुळाची वखार होती. व्यापार मार्केट यार्डात गेल्यापासून ती रिकामीच असायची. ट्रकातून उतरलेली बायकापोरं बघून आक्कांनी नवऱ्याला विचारलंही नाही, किल्ली आणून कुलूप काढलं. त्या वखारीच्या भिंती गोड होत्या. वर्षानुवर्षं ढेपा टेकून टेकून चुन्यात गूळ मुरला होता. लहान पोरं भिंतीला जीभ लावायची आणि मुंग्यांशी भांडायची. आम्ही मधे साड्या बांधल्या आणि प्रत्येकाचं घर झालं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आक्का दोन गड्यांकडून मोठं पातेलं उचलून घेऊन आल्या आणि दारातून विचारलं, "ऊटा आतेनु?"

जेवलात का, असं त्या कानडीत विचारत होत्या. त्यांचं माहेर सीमेवरचं, जैन शेतकऱ्याचं घर. तोंडात दोन्ही भाषा एकाच पोळीच्या दोन पदरांसारख्या. पण आण्णांच्या कानाला त्या दिवसांत कानडी सोसत नव्हती. ज्या बाजारात त्यांनी अर्धं आयुष्य कानडी बोलून मापं घेतली, तिथंच दुकान जळालं होतं. ते तोंड फिरवून मराठीत म्हणाले, "आम्हाला भूक न्हाय." आईनं मात्र पदर खोचून ताटं मांडली.

जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. आणि त्यात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, भात, ताक. चांगलं असायचं, पोटभर असायचं. पण आमच्या जिभा लसणाच्या चटणीवर वाढलेल्या. शिवाय पाचला जेवलेल्या कष्टाच्या माणसाला निजायच्या वेळी पुन्हा भूक लागते. चार दिवसांनी आण्णा पातेल्याकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आम्ही काय कोंबड्या हाय काय, दिस बुडायच्या आत खाऊन खुराड्यात जायला?"

आक्का वाढता वाढता थांबल्या. "कोंबडं पहाटं उठून आरवतंय तरी, पावणं. तुम्ही कवा उठताय?"

कोपऱ्यातून आमच्या आईलाच हसू फुटलं. आण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण पद्माक्का ही काय चीज आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्या अन्न देत होत्या, पण अन्न देण्याचा त्यांना स्वतःलाच कंटाळा होता. आईला त्या म्हणायच्या, "रोज आयतं ताट बघितलं की माणूस ताटातच बघाय लागतंय. ह्या पोरास्नी ती सवय लागायच्या आत काय तरी करूया." आणि जेवण संपल्यावर कुणी हात जोडले की त्यांना राग यायचा. "हात जोडायला मोकळे हाईत व्हय? थांबा, काम आणतो." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, 'आणतो, जातो, करतो'. आक्का तर 'करतो' म्हणून करून दाखवणाऱ्या.

काम आलं ते मिरचीचं. माघ लागला होता, नवी मिरची बाजारात येत होती. आक्कांनी नवऱ्याच्या ओळखीनं व्यापाऱ्यांकडून पोती आणवली आणि बायकांना देठं काढायला बसवलं. वखारीत एका बाजूला गुळाचा वास, दुसऱ्या बाजूला मिरचीचा खकाणा. सगळ्या शिंकायच्या, शिंकता शिंकता गाणी म्हणायच्या, आणि हातांची आग झाली की ताकाच्या भांड्यात बुचकळायच्या. पोती उघडली तेव्हा आण्णा ओट्यावरून म्हणाले, "ही संकेश्वरी. तिकडचीच. आम्हाला हाकललं आणि मिरची मागनं लावून दिली."

"मिरचीला कसली आलीय भाषा," आक्का म्हणाल्या. "तोंड भाजलं की सगळी सारखीच हाऽ हाऽ करत्यात."

खरी काळजी वेगळीच होती आणि ती आईनं मला देठं काढता काढता सांगितली. आण्णांनी तिला बजावलं होतं की पावसाळ्यापर्यंत आपल्या चुलीवर आपलं शिजायला लागलं तर राहायचं, नाहीतर जे व्हायचं ते होवो, गावाकडं परत जायचं. दुसऱ्याच्या ताटावर ते दिवाळी काढणार नव्हते. गावाकडं काय होतं? जळकी चौकट आणि फुटकी कौलं. मी नववीत होते. इथल्या शाळेत नुकतं नाव घातलं होतं. आई म्हणाली, "काम टिकलं तर तुझी शाळा टिकंल. मिरचीवर हाय आता सगळं." वखारीतली बाकीची घरंही आमच्याकडंच बघत होती. आण्णा हलले असते तर तीही हलली असती.

मिरचीची देठं काढण्यात बायकांचे हात चालले, पण पोट भागण्यासारखं ते काम नव्हतं. तेव्हा आक्कांनी पुढचा डाव टाकला. कोल्हापुरात उन्हाळ्यात घरोघर वर्षाची चटणी होते. चटणी म्हणजे आमचं तिखट. मिरची, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला भाजून डंकावर कांडून आणायचा. डंक म्हणजे विजेवर चालणारी, मुसळासारखी वरखाली आदळणारी कांडपयंत्रं. बाकीच्यांच्या चटणीत कांदा-लसूण लागतोच, जैनांच्या चटणीत तो चालत नाही. आक्कांनी आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या जैन घरांना सांगितलं की यंदा उन्हात राबू नका, आमच्या बायका करून देतील. शहरातली घरं झाली, जयसिंगपूरहून निरोप आले. मोठंच काम झालं. आणि आक्का बायकांना म्हणाल्या, "ह्यातलीच मिरची घ्या, तुमच्या घरची चटणी बी करा. तुमची तुमच्या पद्धतीनं करा."

आईच्या डोळ्यांत किती महिन्यांनी चमक आली. लसूण सोलताना ती जणू दागिने घडवत होती. सगळ्या बायकांनी मिळून आपल्यापुरता एक डबा कांदा-लसणीचा घाणा भाजला. मग जैन घरांचा मोठा माल भाजला. दोन्ही घेऊन त्या डंकावर गेल्या. डंकवाला म्हणाला, "बारका घाणा आधी काढूया, मोठा मागनं निवांत." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आधी लसणीची चटणी कांडली. त्याच उखळांत, त्याच मुसळांखाली, मागोमाग जैनांची.

घरी येऊन आईनं मोठ्या मालाचं झाकण काढलं आणि ती मटकन खाली बसली. लाल भडक चटणी, वर्षभर टिकेल अशी भाजणी, आणि त्यातून लसणाचा वास. थोडाच. आमच्या नाकाला तो वास म्हणजे घर. पण ज्यांच्यासाठी ती चटणी होती, त्यांना तो एवढासाही चालणार नव्हता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं हळूच म्हटलं, "हिंग टाकूया वाईच. दबंल वास." आईनं तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं. "ज्या बाईनं आपल्याला लसणाशिवाय जेवू घातलं, तिला फसवून लसूण खाऊ घालू?" आई म्हणाली. आणि तशीच उठून आक्कांच्या मागच्या दाराशी गेली. मी तिच्या मागं.

सांगायची वेळच आली नाही. आक्का दारात उभ्या होत्या, पदर नाकाला. "सगळ्याला लागला काय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याला," आई म्हणाली. "आमचं काम गेलं म्हणा आक्का. उद्याच्या उद्या वखार मोकळी करतो."

"वखार कशाला? डंक पुसला न्हाय, तर वखारीनं काय केलं?"

आत त्यांच्या सासूबाई बोलत होत्या, की भलत्यांना जवळ केलं की असंच होतं, वर्षाची चटणी बाटवली. आक्कांनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. त्या घराच्या पायऱ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "ज्या घरांनी सांगितलंय त्यास्नी मी जाऊन सांगतो. चूक झाली, नवी करून देतो म्हणतो. ती काय मला खाणार न्हाईत. पण ह्या ढिगाचं काय? अन्न टाकून द्यायचं न्हाय."

आणि आमच्या आईनं, जिच्या तोंडातून त्या घरात कधी मोठा शब्द निघाला नव्हता, तिनं डोळे पुसत म्हटलं, "अर्धीच बाटलीय आक्का. आता पुरतीच बाटवूया."

आक्का तिच्याकडं बघत राहिल्या आणि मग जे हसल्या! त्यांचं हसणं म्हणजे शाहूपुरीच्या टोकाला ऐकू जायचं. सासूबाई बाहेर येऊन बघून गेल्या. आक्कांना हसता हसता ठसका लागला तरी थांबेनात. "बाटव," म्हणाल्या. "पर झकास बाटव."

दुसऱ्या दिवशी वखारीत कांदा-लसणाचा डोंगर आला. आक्का आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर पाटावर बसून, नाकाला पदर लावून हुकूम सोडत होत्या. खोबरं जास्त भाजू नका. तीळ लाल झाले, उतरा. चव कशी आली ते त्यांना कळायला मार्ग नव्हता, त्या जिभेवर ठेवणार नव्हत्या. मग त्यांनी ओट्यावर बसलेल्या आण्णांना हाक मारली. आईनं भाकरीवर तेल आणि चटणी घालून त्यांच्या हातात दिली. आक्का समोर बसून त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या. कितीतरी दिवसांत आण्णांनी मनापासून खाल्लं नव्हतं. पहिला घास गेला, दुसरा गेला, ते मान खाली घालून खात राहिले. कपाळावर घाम आला. मग रिकामा हात न बोलता आईपुढं केला, दुसऱ्या भाकरीसाठी.

"झाली," आक्का म्हणाल्या. "आता ह्यात काय घालू नका."

नंतर वर्षानुवर्षं त्यांनी चटणी अशीच पारखली, खाणाऱ्याचं तोंड बघून. जो 'छान आहे' म्हणायचा त्याच्यावर त्यांचा विश्वास नसायचा. जो काही न बोलता दुसरी भाकरी मागायचा, तो खरा.

विकायला त्या स्वतः गेल्या. जैन घरातली अडत्याची बायको कांदा-लसणीची चटणी घेऊन मार्केट यार्डात हमालांच्या जेवणाच्या सुट्टीत उभी राहिली, हे दृश्य यार्डानं त्याआधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी टोमणा मारला, "आक्का, तुम्ही आणि लसूण? देवळात काय सांगणार?"

"सोनार सोनं इकतोय, खातोय व्हय?" आक्का म्हणाल्या. "तुझं जेवण कोरडं दिसतंय. घे की वाईच, बघ."

हमालांनी घेतली, ट्रकवाल्यांनी घेतली, ट्रकवाल्यांनी आजऱ्याला, मुरगूडला नेली. आठवड्याभरात वखारीच्या दाराशी माणसं विचारत यायला लागली. आणि ज्या जैन घरांचं काम बिघडलं होतं, त्यांना आईनं डंक धुऊन, आधी त्यावर नुसती कोरडी मिरची फिरवून घेऊन, नवी चटणी करून दिली. एक जुनी बाई कुरकुरली खरी, पण पुढच्या वर्षी पहिला निरोप तिचाच आला. तेव्हापासून आमच्याकडं दोन घाणे वेगळ्या दिवशी निघतात, आधी बिनलसणीचा.

चटणी भरायला पिशव्या हव्या होत्या. आक्का एक दिवस आण्णांसमोर शिलाई मशीन ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या लग्नात रुखवतात आलेलं, हातानं फिरवायचं, वर फुलं रंगवलेलं. आण्णा म्हणाले, "हे बायकांचं मशीन हाय."

"मग? पिशवी काय पुरुष हाय?"

आण्णा बसले. पिशवीच्या मापावरून दोघांची जुंपली. आक्कांना बसकी, रुंद पिशवी हवी होती, आण्णा म्हणत होते की ती उभी राहणार नाही, उंच हवी. आवाज चढले. आक्का कानडीत बोलायला लागल्या, आणि आण्णाही कानडीत, हात हलवत, कापड आपटत, जणू आपल्या गावच्या दुकानात एखाद्या हट्टी गिऱ्हाइकाशी भांडताहेत. वखारीतल्या बायका देठं काढायची थांबल्या. आई पदरात तोंड घालून हसत होती. भांडण संपलं, पिशवी उंच ठरली, आणि तेव्हा कुठं आण्णांच्या ध्यानात आलं की आपण काय बोलत होतो. ते घाईघाईनं कापड मापायला लागले. आक्का जाता जाता म्हणाल्या, "बरं बोलता की. जपून ठिवा, उपेगी पडंल." त्यानंतर आण्णा त्यांच्याशी कानडीतच बोलायचे. आमच्याशी मराठीत, आक्कांशी कानडीत.

आक्कांबद्दल लिहिताना त्यांना देवी करायचं माझ्या मनात नाही. त्या फटकळ होत्या, कुणाचंही तोंडावर काढायच्या. काम नीट झालं नाही तर सगळ्यांदेखत झाडायच्या. मी बारावीला कमी मार्क आणले तर "मिरचीची देठं काढायला ये परत" म्हणाल्या आणि कॉलेजच्या प्रवेशाला स्वतः माझ्यासोबत आल्या. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली, माझ्या आईच्या आणि वडिलांच्या दोन्हीकडची, पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणालाही, ताठ मानेनं सांगते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेले तर आक्का म्हणाल्या, "पेढ्यात काय हाय, चटणी आण," आणि मग स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच हसत सुटल्या. शेवटच्या आजारपणातही भेटायला येणाऱ्यांना त्या आधी विचारायच्या, "ऊटा आतेनु?" आलेला माणूस पुण्याचा असो की मुंबईचा. त्याला कळलं नाही तर सुनेला म्हणायच्या, "ताट वाढ, खाता खाता कळंल."

त्यांच्या माघारी त्यांच्या सुनेनं मला त्यांची खोली दाखवली. खिडकीशी पाट, त्यावर घडी घातलेली शाल, भिंतीशी कपाट. कपाटात वरच्या कप्प्यात काचेची एक बरणी, आमच्या चटणीची, तोंडाला कापड बांधून घट्ट. सून म्हणाली, "आत्या काय खायच्या न्हाईत, पर दर वर्षी नवी भरून ठेवायच्या. वास यायला नको म्हणून दोन-दोन कापडं बांधायच्या. पावणं आलं की काढून त्यांच्याम्होरं ठेवायच्या आणि बसायच्या तोंडाकडं बघत." मी ती बरणी हातात घेतली. रडले नाही. आईनं सांगितलंच होतं.

त्या पहिल्या वर्षी पावसाळा आला आणि गेला, आण्णा गावाकडं परत जायचं बोलले नाहीत. एकेक घर वखारीतून निघून भाड्याच्या खोलीत गेलं. कुणी राजारामपुरीला, कुणी कसबा बावड्याला, आम्ही शाहूपुरीतच मागच्या गल्लीत. सकाळी सगळ्या बायका वखारीत कामाला यायच्या आणि संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन, दिवस मावळल्यावर, लसणाची फोडणी घालून स्वयंपाक करायच्या. त्या वर्षीच्या दिवाळीत ट्रकातून उतरलेल्या घरांपैकी एकाही घराला आक्कांच्या घरचं जेवण लागलं नाही.